दोघांनी केलेली गादी

ता. ९ जानेवारी

चि. सौ. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला दीड महिना लावला, तेव्हा आधी स्वतःचा कान धरतो आणि मग लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्कन वाजतो, की पट्टा लावल्यापासून गप्प बसलाय? मेहुण्यांचा खोकला? त्यांना म्हणावं, औषधाची बाटली कपाटात उभी करून खोकला जात नसतो, ती पोटात जावी लागते. सूनबाईच्या कंबरेचं काय झालं? आणि आपली नात? तिचे पुढचे दात आले, की अजून सगळ्यांची बोटं चावत फिरते आहे? एकेकाचं वेगळं लिही. सगळे बरे आहेत असं एका ओळीत गुंडाळून मोकळी होऊ नकोस.

माझं म्हणशील तर दुकान शेवटी बंद केलं. चाळीस वर्षं लोकांच्या खुर्च्या-कोचांना गाद्या चढवल्या. आता तयार सोफा घेतात आणि बसका झाला की रस्त्यावर ठेवून देतात, दुरुस्तीला कुणी आणत नाही. हत्यारांची पेटी तेवढी ठेवली, बाकी सगळं विकलं. घरी बसून भिंतीकडे किती बघणार? म्हणून आजाऱ्यांना माणसं पुरवणारं एक ऑफिस आहे तिथे गेलो. तिथल्या बाईंना सांगितलं की शिक्षण चौथी, पण तुझ्या वहिनीचं दोन वर्षं अंथरुणातलं सगळं या हातांनी केलंय. त्या म्हणाल्या, तेवढं पुरे.

तर आता सकाळी सात ते रात्री आठ एका साहेबांकडे असतो. वरचा पत्ता त्यांचाच आहे, पत्र इथेच टाकत जा. माणूस सहासष्टचा, जन्मभर पूल बांधले. भिंतीवर सगळे पुलांचे फोटो, माणसाचा एक नाही. दोन वर्षांपूर्वी कामावरच उंचावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. हात आणि डोकं शाबूत. जीभ तर जरा जास्तच शाबूत. मला ए म्हणून हाक मारतात. चमचा वाकडा ठेवला तर तो जमिनीवर जातो. परवा मुलीला फोनवर माझ्यादेखत म्हणाले की नवा माणूस स्वच्छ आहे, पण डोक्याने जरा मंद दिसतो. मीही मनात म्हटलं, हुकूम सोडायची सवय लागलेला, रडका आणि शिष्ट म्हातारा. म्हणजे हिशेब बरोबरीतच सुटला.

मुलगी भली वाटते, पण सदा धावपळीत. तिला सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणतो. ती तीन तासांवर राहते, दर रविवारी येते आणि आल्या-आल्या फ्रीज उघडून बघते. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पेल्याला निळी चिकटपट्टी लावली, ओळखू यावा म्हणून. माझी बसायची जागा बोळातल्या स्टुलावर. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एकदा दवाखान्याची वेळ आली तर हे घर बंद करून बाबांना संस्थेत ठेवणार, फॉर्मसुद्धा आणून ठेवलाय. साहेबांना हे माहीत आहे. ती आली की ते एकदम शहाण्या मुलासारखे वागतात, ते बघवत नाही.

एक नर्सबाई महिन्यातून एकदा येतात. त्यांनी शिकवलं, की सकाळ-संध्याकाळ साहेबांना कुशीवर वळवून पाठ, बूड, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर अंगठ्याने दाबायचा. पांढरा पडला तर ठीक. लालच राहिला तर त्यावर वजन द्यायचं नाही आणि त्यांना लगेच फोन करायचा. मी मान डोलावली. यात काय अवघड, असं वाटलं.

घरच्या सर्वांना माझी आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


ता. २१ जानेवारी

ती. दादास चिमणीचा शि. सा. नमस्कार.

एकेकाचं मागितलंस म्हणून एकेकाचं देते. गुडघा वाजतो, पण आता तालात. यांना खोकला आहेच. बाटलीचा निरोप सांगितला तर म्हणाले, तुझ्या दादाला स्वतःला दुधाचा पेला नाक धरून प्यायला लागायचा, त्याने मला शिकवू नये. सुनेची कंबर बरी आहे. नातीला दोन दात आलेत आणि तिने पहिल्याच दिवशी आजोबांचा चष्मा चावून बघितला.

आता तुझं. दादा, मला हे काम आवडलं नाही. तू घरी बसून भिंतीकडे बघशील त्यापेक्षा इकडे ये, आमच्या भिंतीकडे बघ. माझ्या पलंगाशेजारी तुझी खाट मावते, मी टेप लावून बघितलंय.

तुला वाटेल ही नेहमीची किरकिर. पण मी मोठ्या घरात नऊ वर्षं काम केलंय, तू नाही केलेलंस. तुझ्याकडे मोठी माणसं यायची ती गिऱ्हाईक म्हणून. दुकान तुझं, खुर्ची त्यांची. त्यांच्या घरात आपण कामाला असलो की चित्र उलटं होतं. मालकांचं घड्याळ हरवलं तेव्हा माझी पिशवी जमिनीवर ओतून बघितली होती, ते तुला सांगितलंच आहे. घड्याळ त्यांच्याच कोटाच्या खिशात निघालं. माफी कुणी मागितली नाही, उलट विचारलं की उद्या जरा लवकर येशील का. म्हणून सांगते, त्यांच्यासाठी जेवढं सांगितलंय तेवढंच कर. जास्तीचं चांगलं काम करायला जाशील तर त्याचंही खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पसरलेलं दिसलं की तुझे हात वळवळतात.

पेल्याची चिकटपट्टी काढून टाक. की भितोस?

उत्तराला पुन्हा दीड महिना लावलास तर मीच येऊन बोळातल्या स्टुलावर बसेन. लोभ आहेच, पण रागही आहे, दोन्ही जपून ठेव.

तुझी
चिमणी


ता. १७ मार्च

चि. सौ. चिमणीस अनेक आशीर्वाद.

दीड नाही, पावणेदोन महिने झाले. पण या खेपेला सांगण्यासारखं आहे, म्हणून शिव्या वाचून झाल्यावर घालाव्यात.

साहेब मला आता मिस्त्री म्हणतात! झालं असं. त्यांच्या चाकांच्या खुर्चीत दवाखान्याने दिलेली हवेची गादी होती. फुग्यासारखे कप्पे. रोज पंपाने भरायची, आणि बसलं की डुगडुगणार. साहेब अजून टेबलाशी बसून कागदावर पूल काढतात, कुणी मागितलेले नाहीत तरी काढतात. एके दिवशी दुपारी गादीतली हवा गेली आणि ते एका अंगाला कलंडले. पेन्सिलीची रेघ कागदभर वाकडी गेली. मी धरून सरळ केलं, तर चेहरा ओला. मी पाठ फिरवली आणि पंप शोधायला लागलो. पंप माझ्या हातातच होता. तो तसाच हातात धरून मी बराच वेळ शोधत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच विचारलं की मी आधी काय करायचो. सांगितलं. मग विचारलं, की बैठक बरोबर झाली हे कसं ओळखायचं. मी म्हटलं, सोपं आहे. माणसाला बसवायचं आणि घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत तो चुळबुळला तर गादी चुकली. अर्धा तास हलला नाही तर गादी जमली. ते हसले, चिमणे. म्हणाले, पुलाचंही असंच असतं, हलला की चुकला. मग त्यांनी कागद ओढला.

तीन आठवडे आम्ही दोघं त्या गादीच्या मागे होतो. वजन कुठून कुठे उतरेल त्याची आकडेमोड त्यांची. खाली काथ्या, वर रबर, मध्ये कॅनव्हासचा पडदा हे माझं. एका बोटाच्या जाडीवरून दोन दिवस भांडलो. मी म्हटलं, काथ्या ठासून भरला नाही तर महिन्यात खड्डा पडेल. ते म्हणाले, जास्त ठासलं तर वजन पसरणार नाही. शेवटी माझं ऐकलं आणि नकाशावर तो आकडा खोडून नवा घातला, खाली सही केली, तारीख टाकली. मलाही सही करायला लावली. म्हणाले, बांधणाऱ्याची सही लागते. माझ्या आयुष्यातली नकाशावरची पहिली सही! मी बाकदार सुईने टाके घालत होतो तेव्हा ते दोऱ्याचं रीळ धरून बसले होते. निळी पट्टी कधी गेली मला कळलंही नाही. परवा पाहिलं तर सगळे पेले सारखे. कुणी काढली विचारलं, तर म्हणाले, मला काय विचारतोस, मी कुठे चालतो.

गादी खुर्चीत बसवली आणि त्यावर साहेब. मी स्टूल बोळातून आत आणून समोर बसलो, घड्याळ बघत. ते चार तास हलले नाहीत. ताठ बसून काम केलं. चाळीस वर्षांत मला अशी पावती कुणी दिली नव्हती.

ते रोज उलटं करून तपासणं मात्र आता रोज करत नाही. त्यांना फार लाज वाटायची. छताकडे बघत दात आवळून पडायचे. एकदा म्हणाले की बाजारात जनावर तपासतात तसं वाटतं. आणि परवा म्हणाले, मिस्त्री, परक्या माणसाने तपासलं तर समजू शकतो, तू आता परका आहेस का? मी त्यांना परत सरळ केलं आणि पांघरूण घातलं. आता आंघोळीच्या वेळी ओझरतं बघतो. मध्ये एक तांबूस वळ दिसला होता, पण तो गादीच्या कडेच्या गोटाचा होता. मी गोट उसवून शिवण खाली घेतली.

तेव्हा तुझा राग थोडा उतरवून ठेव. सगळे तुझ्या घड्याळवाल्यांसारखे नसतात. मेहुण्यांना नमस्कार, नातीला पापा. तुझ्या मायेची सावली अशीच राहू दे.

तुझा
दादा


ता. २६ मार्च (कार्ड)

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, एकदा यांना वाचून दाखवलं. तू खूश आहेस म्हणून मीही खूश. साहेबांना माझ्याकडून आखडता नमस्कार सांग.

एकच गोष्ट खटकली. आमच्या कारखान्यात शर्ट शिवणारी वेगळी आणि तपासणारी वेगळी असते. मी काजं करते, पण माझी काजं मला तपासू देत नाहीत, कारण स्वतःची शिवण प्रत्येकीला सरळच दिसते. तेव्हा त्यांची लाज त्यांच्याजवळ राहू दे. तू नीट उजेडात बघत जा. कार्डात एवढंच मावतं.

तुझी
चिमणी


ता. ३० एप्रिल

चि. चिमणीस आशीर्वाद.

या खेपेला तब्येती विचारत नाही, रागावू नकोस. वरचा पत्ता माझ्या खोलीचा आहे. आता इथेच लिही.

तुझं कार्ड मिळालं त्याच संध्याकाळी मी साहेबांना खिडकीशी नेऊन कुशीवर वळवलं. तो वळ गेला नव्हता. जांभळा झाला होता, रुपयाएवढा. अंगठ्याने दाबला तर तसाच राहिला. मी सांगितलं. साहेब म्हणाले, नर्सला फोन केलास की ती मॅडमला करणार, आणि मग तो फॉर्म निघणार. दोन दिवस पडून राहतो, जाईल. मी ऐकलं. चिमणे, मी फोन हातात घेतला होता आणि परत ठेवला. दोन दिवसांचे दहा झाले. मी धूत होतो, कोरडं ठेवत होतो, वरून एवढंसं दिसत होतं. मग एका सकाळी चादरीला वास आला. ताप चढला. मग फोन केला.

डॉक्टर म्हणाले, वरून रुपया आणि आत वाटी. हाडापर्यंत सडलंय. कडक बैठकीवर तासन्‌तास बसवल्याने आतलं मांस मेलं होतं, आणि ते आधी आत मरतं, कातडी शेवटी सांगते.

ते चार तास हलले नाहीत म्हणून मी छाती फुगवून तुला लिहिलं होतं. अगं, ते हलणार कसे? ज्याला टोचत नाही तो चुळबुळेल कसा? साधी गोष्ट. शेंबड्या पोराला कळेल अशी. तुझ्या वहिनीचं अंग बोलायचं. चादरीची घडी टोचली तरी ती कण्हायची, आणि मी तिथे हात घालायचो. मला वाटलं, आजाऱ्याचं करणं मला येतं. मला फक्त बोलणाऱ्या अंगाचं येत होतं.

मॅडम धावत आल्या. दवाखान्याच्या बोळात त्यांनी विचारलं, ती गादी कुणी केली. साहेब स्ट्रेचरवर होते, शुद्धीत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मी म्हटलं, मी केली. त्या म्हणाल्या, तुम्हाला डोकं चालवायला कुणी सांगितलं होतं? अडाण्याच्या हातात बाप दिला ही माझी चूक. आवाज चढवला नाही, हळूच म्हणाल्या. त्याने जास्त लागलं. ऑफिसने माझं नाव यादीतून काढलं आणि दुसऱ्या ऑफिसांनाही कळवलं. दवाखान्याच्या दारावर मला आत सोडत नाहीत.

आता तू म्हणशील, साहेब बोलले का नाहीत. मी चार दिवस तेच विचारत होतो, रागाने. मग कळलं. त्यांनी आकडे घातले, सही केली हे मॅडमला कळलं तर त्या म्हणणार, बाबांचं डोकंही आता भरवशाचं नाही. मग घर गेलंच. नोकर मूर्ख निघाला तर नोकर बदलता येतो. आपणच मूर्ख निघालो तर संस्था. ते भिऊन गप्प राहिले.

नकाशा माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. रोज सकाळी काढतो आणि बघतो. एकदा मॅडमना दाखवायचा म्हणून बसस्टॉपपर्यंत घेऊन गेलो होतो. मला माझीच खात्री वाटत नाही, म्हणून तो सोबत तुझ्याकडे पाठवतोय. कपाटात ठेव, कुणाला दाखवू नकोस. माझं नाव जाऊन जाऊन किती जाणार? त्यांना दुसरं घर नाही. आणि डाग मी बघितला होता, चिमणे. तो तर कुठल्याच नकाशात नाही.

पत्र टाक. माया असू दे, एवढंच.

दादा


ता. ८ मे

ती. दादास शि. सा. नमस्कार.

बसून वाच. नकाशा मी तुझ्या मॅडमना पाठवला. तुझ्या पहिल्या पत्रावर त्या घराचा पत्ता होताच. काल रजिस्टर करून टाकला.

तू सांगितलं होतंस दाखवू नकोस. तीन दिवस मी कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी काजं करताना माझी सुई बोटात गेली, कारण डोळ्यांसमोर तू दिसत होतास, दवाखान्याच्या बोळात हात जोडून उभा. मी तशीच उभी होते, माझी पिशवी ओतलेली, आणि मीही तेव्हा काही बोलले नव्हते. वीस वर्षं झाली. अजून कधीतरी भांडी घासता-घासता मी त्या बाईंना उत्तर देत असते.

तू निर्दोष आहेस असं मी लिहिलं नाही. सोबत चार ओळी लिहिल्या, सुनेने वाचून बघितल्या, शिव्या एकही नाही. लिहिलं की गादी दोघांनी केली, सह्या दोघांच्या आहेत, डागही दोघांनी लपवला. माझ्या भावाने त्याचा वाटा कबूल केलाय आणि तो रोज त्यात जळतोय. दुसरा वाटा ज्याचा आहे त्याला विचारा. एवढंच.

त्यांना दुसरं घर नाही म्हणतोस. तुला दुसरं नाव आहे का? तू म्हणशील, माणूस मरणाच्या दारात आणि ही वाटे करत बसली. म्हण. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण खाट टाकून ठेवली आहे, ती मी काढणार नाही.

यांचं म्हणणं, मी चुकले. सुनेचं म्हणणं, बरोबर केलं. मला दोन्ही वाटतं. उत्तर लिही, रागाचं का असेना.

तुझी
चिमणी


ता. २ जून

चि. सौ. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तीन आठवडे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं, तेवढी शिक्षा तुला पुरे. माझा राग अजून गेलेला नाही. पण तू चुकलीस असंही आता मला म्हणता येत नाही. म्हणून जे झालं ते सांगतो.

मॅडमनी निरोप पाठवून मला दवाखान्यात बोलावलं. बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर नकाशा. म्हणाल्या, हे आकडे मी ओळखते, लहानपणी माझ्या वहीत बाबा असेच आकडे काढून द्यायचे. मग विचारलं, तुम्ही खोटं का बोललात. मी म्हटलं, खोटं नाही, शिवली मीच. त्यावर त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाल्या की बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच कबूल केलं. म्हणाले, मला तुझी भीती वाटत होती. हे सांगताना मॅडमचा चेहरा मी बघितला नाही, चिमणे. मला मुलगी असती आणि तिने असं ऐकलं असतं, तर तिच्याकडेही मी बघितलं नसतं.

आत गेलो. साहेब पालथे होते, दीड महिना तसेच आहेत. अंगाचा पार सापळा झालाय. मला त्यांनी पायांवरूनच ओळखलं. म्हणाले, मिस्त्री, चप्पल तीच. मग म्हणाले, मी त्या दिवशी भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, तू बघितलंस का मी काय बघत होतो? मी म्हटलं, भिंत. ते म्हणाले, हो, नुसती भिंत. याच्यापुढे त्यांनी माफी वगैरे मागितली नाही आणि बरं झालं, मला ती घेता आली नसती. मलाही मागायची होती, तीही राहून गेली. तुझ्याविषयी विचारलं. कुठे काम करते, काय करते. म्हणाले, पत्र नीटनेटकं होतं, फाफटपसारा नव्हता. त्यांच्याकडून याहून मोठं बक्षीस मिळत नाही.

मग त्यांनी मला पडदा ओढायला सांगितलं. म्हणाले, सगळे मला सांगतात की भरतंय. डॉक्टर म्हणतो, बघू. मुलगी म्हणते, कालच्यापेक्षा छान. मला माझी पाठ दिसत नाही आणि तिथे काही कळत नाही. तू बघ आणि सांग. नीट उजेडात बघ.

ज्या माणसाला ओझरतं बघितलं तरी लाज वाटायची, तो स्वतः म्हणाला, पट्टी पूर्ण काढ. नर्सला बोलावलं, तिने काढली. मी दिवा जवळ घेतला आणि बघितलं. काय दिसलं ते तुला लिहीत नाही. माझी मूठ आत गेली असती. पांढरं दिसत होतं ते हाड होतं. कडा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे पुढे जातंय. मी दिवा खाली ठेवला. ते वाट बघत होते. त्यांना माझे पाय तेवढे दिसत होते. शेवटी म्हटलं, साहेब, भरत नाहीये. वाढतंय. वास आहे. त्यांनी विचारलं, किती. मी बोटांनी मोजून सांगितलं, लांबी, रुंदी, खोली, जसं दुकानात मापं सांगायचो तसं. त्यांनी ते आकडे स्वतःशी पुटपुटले. मग म्हणाले, बरोबर, मलाही एवढंच वाटत होतं. आणि झोपी गेले. नर्स म्हणाली, चार दिवसांत पहिल्यांदा गोळी न घेता झोपले.

पडद्यापलीकडे मॅडम उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. माझ्यावर भडकल्या, की आजारी माणसाला असं कुणी सांगतं का. मग त्याच बाकावर बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, मलाही सांगा. मी पुन्हा मापं सांगितली. त्या डॉक्टरकडे गेल्या, या खेपेला बघू म्हणू दिलं नाही. एक ऑपरेशन झालंय, दुसरं झेपणार नाही, रक्तात विष पसरतंय, आठवडे आहेत, असं डॉक्टर शेवटी बोलले. संस्था असल्या जखमेचा माणूस घेत नाही. म्हणजे ज्या फॉर्मला आम्ही दोघं एवढे भ्यालो तो भरायची वेळच आली नाही. यावर हसावं की काय करावं?

मॅडमनी रजा काढली आणि साहेबांना घरी आणलं. मला येणार का विचारलं. अहोजाहो करून विचारलं. तुझ्या चार ओळी त्यांनी ऑफिसलाही दाखवल्या, माझं नाव परत यादीत आलं. पण दुसरीकडे जाणार नाही. मी इथे नऊ दिवस आहे, पत्र पुन्हा याच घरी टाक. दर दोन तासांनी वळवतो, प्रत्येक वेळी दिवा लावून बघतो आणि जे दिसतं ते साहेबांना सांगतो. टाचेवर नवा डाग आलाय, तोही सांगितला. कालपासून मॅडमही बघायला शिकल्या. पहिल्या दिवशी बाहेर जाऊन ओकल्या, दुसऱ्या दिवशी नाही.

पालथा माणूस फक्त जमीन बघतो, हे दवाखान्यात माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं. खुर्चीत बसून बोललं की त्यांना आपले गुडघे दिसतात. म्हणून मी आल्या दिवशी फरशीवर बसलो, पलंगाच्या उशाशी, मान जरा तिरकी करून. मग आमची नजर जुळली. मॅडम खुर्चीवर होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग ऑफिसच्या कपड्यांतच खाली माझ्या शेजारी येऊन बसल्या, पाय पोटाशी घेऊन. साहेबांनी आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, आता दोघंही दिसता. तेव्हापासून या घरात कुणी खुर्चीवर बसत नाही. चहासुद्धा फरशीवरच.

तेव्हा तुझी खाट तशीच राहू दे. येईन, पण आता नाही. कधी ते लिहवत नाही.

मेहुण्यांचा खोकला, तुझा गुडघा, सूनबाई, नात, सगळ्यांचं लिही. एकेकाचं लिही. मी तुझी पत्रं फरशीवर बसून साहेबांना वाचून दाखवतो. आधीची सगळी वाचून झाली, आखडत्या नमस्कारासकट. काल त्यांनी विचारलं, तुझ्या बहिणीचं उत्तर कधी येईल. मी म्हटलं, ती लवकर लिहिते. तेव्हा हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी उत्तर टाक, चिमणे. उद्यावर ढकलू नकोस.

तुझा
दादा